डावं वळण आलं की बगी गिरकी घेते, दुरुस्त केली तरी आठवड्याभरात परत तेच

ज्यांच्याकडे रिमोट कंट्रोलवर (आरसी) चालणारी छोटी टू-व्हील ड्राइव्ह बगी आहे आणि ती सुरुवातीला एकदम मस्त पळते, मग चार-पाच मिनिटं झाली की मागची बाजू सुटायला लागते, तीही एकाच बाजूच्या वळणावर, आणि काहीतरी बदललं की दोन दिवस बरी आणि मग परत तेच, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझे यात चार महिने गेले. सप्टेंबरच्या शेवटाला सुरू झालं आणि जानेवारीत सुटलं. मधल्या काळात मी स्प्रिंग बदलल्या, शॉकचं तेल बदललं, टायरचे दोन नवे सेट घेतले, आणि यातल्या कशाचाही मूळ कारणाशी संबंध नव्हता.

आधी गाडी आणि जागा सांगतो म्हणजे तुमच्याशी जुळतंय का बघता येईल. एकास दहा मापाची इलेक्ट्रिक बगी, मागची चाकं ओढणारी, १३.५ टर्न ब्रशलेस मोटर, टू-एस लिपो (दोन सेलची बॅटरी). चालवतो गोव्यात डिचोलीच्या बाजूला, भातकापणी झाली की मळा रिकामा होतो तिथे, खालची जमीन चिकणमातीची, पाणी मारून चार दिवस गाड्या फिरल्या की सिमेंटसारखी गुळगुळीत होते, पण जंप बांधायला आम्ही वरच्या मोरडावरची (उंचावरच्या जमिनीची) तांबडी माती आणली होती, आणि ती जांभ्याची माती सुकली की तिचा इतका बारीक धुरळा होतो की गाडीच्या प्रत्येक फटीत जाऊन बसतो. हे लक्षात ठेवा, पुढे हाच धुरळा परत येणार आहे.

लक्षण असं होतं. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच तक्रार नाही. मग हळूहळू डाव्या वळणात थ्रॉटल द्यायला लागलं की मागची बाजू बाहेर फेकली जायची, आधी थोडी, मग पूर्ण गिरकी. उजव्या वळणात मात्र काहीच नाही, उजवीकडे तीच गाडी रुळावर असल्यासारखी फिरायची.

इथे सगळ्यात पहिलं काम करा, मी ते फार उशिरा केलं. ट्रॅक उलट्या दिशेने चालवून बघा. त्याच जागी गिरकी येत असेल तर दोष जमिनीचा किंवा आपल्या हाताचा, तिथे धुरळा साचला असेल, खड्डा असेल, आपण ब्रेक उशिरा मारत असू. पण गिरकीची जागा बदलली आणि ती परत डाव्याच वळणात यायला लागली तर दोष गाडीत आहे, आणि तो सेटिंगचा असायची शक्यता फार कमी, कारण टो (वरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय), कॅम्बर (मागून बघितलं तर चाक किती कललंय), स्प्रिंग, तेल हे आपण दोन्ही बाजूंना सारखंच ठेवतो ना, मग गाडी एकाच बाजूला कशी वेडी होईल? एका बाजूची तक्रार म्हणजे एका बाजूचा पार्ट. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजवीकडे जातं, म्हणून सगळ्यात आधी मागच्या उजव्या कोपऱ्याकडे बघायचं.

हे माहीत नव्हतं तेव्हा मी काय केलं ते सांगतो, कारण बरेच जण हेच करतात. मागचा टो-इन ३ अंशांवरून ३.५ केला. गाडी बरी झाली. रविवारी परत गिरकी. मागच्या स्प्रिंग एक नंबर मऊ टाकल्या. बरी झाली, पुढच्या आठवड्यात परत तेच. कॅम्बर उणे १ चा उणे २ केला, अँटी-स्क्वॉट (मागच्या आर्मचा पुढून-मागे तिरकेपणा) कमी केला, बॅटरी मागे सरकवली. प्रत्येक वेळी दोन-तीन पॅक (एक पॅक म्हणजे एक भरलेली बॅटरी संपेपर्यंत) छान, मग परत. वहीत सगळं लिहून ठेवत होतो, आणि वही वाचली तर असं वाटायचं की प्रत्येक उपाय लागू पडतोय पण टिकत नाहीये.

माझा मावसभाऊ म्हापशाला टू-व्हीलरच्या गॅरेजमध्ये काम करतो, आरसीमधलं त्याला फारसं कळत नाही, पण मधे एकदा घरी आला होता तेव्हा बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) बसून त्याने वही चाळली आणि म्हणाला, "दादा, तू दर वेळी काही बदलताना मागची बाजू उघडतोस, साफ करतोस आणि तेल मारतोस. मग बरं टोमुळे झालं की तेलामुळे, ते तुला कसं कळलं?"

तेव्हा मी ते तसंच सोडलं. डिसेंबरात परत आठवलं आणि मग नीट बघायला बसलो. खरंच, दर वेळी हिंज पिन (आर्म, म्हणजे चाक धरणारा हात, ज्या दांडीवर वर-खाली फिरतो ती) काढून पुसत होतो आणि आत गंज काढायचा स्प्रे मारत होतो, कारण पिन थोडी घट्ट लागायची. म्हणजे जे औषध मी कारण शोधताना सवयीने देत होतो तेच दोन दिवस काम करत होतं, आणि श्रेय जात होतं सेटिंगला. आणि दोन दिवसांनी बिघडवतही तेच होतं, कारण तेल ओलं असेपर्यंत आर्म सुळसुळीत, मग त्या ओल्या तेलाला तांबडा धुरळा चिकटायचा आणि दोन्ही मिळून भिजवलेल्या पॉलिश पेपरसारखा लेप व्हायचा. पॅकच्या सुरुवातीला बरी आणि पाचव्या मिनिटाला खराब याचा अर्थ तेव्हा कळला.

आता प्रत्यक्ष तपासणी. यात घाई करू नका, चहा घेऊन बसा, पाऊण तास लागेल.

मागच्या शॉकचा खालचा स्क्रू काढून शॉक मोकळा करा. कॅम्बर लिंकही (वरची बारीक दांडी) हबकडून, म्हणजे चाक बसतं त्या भागाकडून, सोडा. ड्राइव्हशाफ्ट काढा, हबही काढलात तर उत्तम. आता नुसता आर्म राहिला. तो आडवा होईपर्यंत बोटाने उचला आणि सोडा. स्वतःच्या वजनाने तो टपकन खाली पडला पाहिजे, मधे कुठेही न थांबता. माझा डावा असाच पडला. उजवा अर्ध्यावर येऊन थांबला, आणि बोट लावल्यावर उरलेला उतरला. एवढा हलका आर्म, त्याला अर्ध्या वाटेत थांबवायला किती कमी घर्षण पुरतं विचार करा, आणि तरी धावत्या गाडीत फरक पडतो, कारण लहान खळग्यांवर चाक जमिनीला चिकटून ठेवायचं काम आर्मने हलकं फिरूनच होतं. अडकणारा आर्म म्हणजे त्या कोपऱ्यात जास्त कडक शॉक टाकल्यासारखंच, फक्त ते आपल्याला स्प्रिंगच्या नंबरात दिसत नाही.

नुसता आर्म मोकळा पडत असेल तर एकेक वस्तू परत जोडत जा आणि प्रत्येक वेळी तोच प्रयोग करा. हब आणि कॅम्बर लिंक जोडल्यावर अडकला तर बॉल कप घट्ट आहे, नवीन कपात हे फार होतं, कप बॉलवर असतानाच पक्कडीने हलकेच दाबला की मोकळा होतो, जोर लावायचा नाही. ड्राइव्हशाफ्ट घातल्यावर अडकला तर शाफ्ट डिफच्या (डिफरेन्शियल, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) कपात आत टेकतोय, हबचे स्पेसर बघा. शॉक जोडल्यावर अडकला तर शॉकची दांडी वाकली असेल किंवा खालचा स्क्रू जास्त पिळला असेल. हे टप्पे वगळून एकदम सगळं जोडून बघितलं तर अडकतंय एवढंच कळतं, कुठे ते कळत नाही.

माझ्याकडे पहिल्याच टप्प्यात अडकत होतं म्हणून पिन काढली. देवघरातल्या फोटोची जुनी काच होती तिच्यावर पिन लोळवली. डावी गुपचूप घरंगळली, उजवी टक टक टक करत गेली आणि एका बाजूला खाली उजेडाची बारीक रेघ दिसत होती. वाकलेली. कधी वाकली ते सांगता येणार नाही, पण आमच्या मोठ्या जंपनंतर गाडी बऱ्याचदा उजव्या मागच्या चाकावर उतरायची, त्यामुळे अंदाज आहे. पिन सरळ करत बसू नका, ठोकून सरळ केलेली पिन कधीच पूर्ण सरळ होत नाही, नवीन घ्या, आणि दोन्ही बाजूंची एकत्र घ्या.

पण नवीन पिन टाकली तरी आर्म पूर्ण मोकळा झाला नाही, आणि हा भाग आपल्या गोव्यातल्या लोकांनी जरा नीट वाचा.

आर्म असतो नायलॉनचा. १९८४ साली टीम असोसिएटेड कंपनीची आरसी१० बगी आली तिच्यातही नायलॉनचेच आर्म होते आणि आजही बहुतेक बगींचे आर्म त्याच जातीच्या प्लास्टिकचे असतात, कारण ते आपटलं तर वाकतं आणि परत येतं. पण नायलॉन हवेतलं पाणी शोषतं आणि फुगतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग बाल्कांवात ठेवलेल्या गाडीचं काय होणार. भोकाच्या भिंती फुगतात, ३ मिलिमीटरची पिन मार्चमध्ये सुळसुळीत जात होती ती ऑगस्टमध्ये ढकलावी लागते. वर आपण गाडी पाण्याने धुतो. कोरड्या प्रदेशात राहणारे लोक लिहितात की किट जोडताना एकदा आर्म बघून घ्या, झालं. इथे एकदा बघून भागत नाही.

म्हणून एखाद्याला वाटेल की आर्म उन्हात वाळवू किंवा ओव्हनमध्ये ठेवू, तर ते अजिबात करू नका. नायलॉन फार कोरडं झालं की ठिसूळ होतं आणि पहिल्या धडकेत तुटतं, उलट नवीन आर्म चिवट व्हावेत म्हणून लोक ते मुद्दाम पाण्यात उकळतात. पाणी काढायचं नाही, भोक मोठं करायचं. त्यासाठी ३ मिलिमीटरचा आर्म रीमर (भोक किंचित मोठं करणारं हत्यार) मिळतो, जुन्या काही अमेरिकन गाड्यांच्या पिना पाव इंचाच्या निम्म्या म्हणजे ३.१७५ मिलिमीटरच्या असतात तेव्हा आधी व्हर्निअरने मापून घ्या. रीमर हाताने फिरवायचा, एकाच दिशेने, हळू, मधे मधे बाहेर काढून कीस झटकायचा. ड्रिल मशीन लावू नका, नायलॉन गरम होऊन वितळतं आणि भोक अंडाकृती होतं, मग आर्म हलतो आणि टो कुठेच स्थिर राहत नाही. दोन फिरवण्या, पिन घालून बघ, सोडून बघ, परत दोन फिरवण्या. आर्म टपकन पडला की थांबा. आणि हे काम शक्यतो भर पावसाळ्यात करा, जुलैत मोकळा पडणारा आर्म एप्रिलमध्ये पडणारच, तेव्हा किंचित सैल वाटेल, चालतं. एप्रिलमध्ये अगदी बेताचा केलेला आर्म जुलैत परत अडकेल आणि तुम्ही परत टो बदलत बसाल.

आर्म पुढे-मागे सरकतो का तेही बघा. थोडीशी हालचाल पाहिजे, ०.१ ते ०.२ मिलिमीटर, त्याहून जास्त असेल तर शिम (पातळ वॉशर) घाला. शून्य करू नका, तिथे धुरळ्याचा एक कण गेला तरी अडकेल.

आणि पिनला तेल नाही. काहीच नाही. पिन पुसून कोरडी घालायची, भोक कापडाच्या वातीने साफ करायचं, पॅक संपला की ब्रशने झटकायचं. मला हे पटायला वेळ लागला, कारण लहानपणापासून सायकल करकरली की तेल हेच शिकलोय, पण सायकलची चेन आणि धुरळ्यात उघडी फिरणारी पिन यात फरक आहे.

हे सगळं झाल्यावर जोडणी करून एक शेवटची परीक्षा. गाडी सपाट टेबलावर, मागच्या बाजूला चेसीच्या बरोबर मधोमध स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून हळू उचला. दोन्ही मागची चाकं एकदमच जमीन सोडायला पाहिजेत. एक आधी उठलं तर दोन्ही शॉक वेगळ्या लांबीचे आहेत, किंवा स्प्रिंगचे कॉलर सारखे नाहीत, किंवा अजून कुठेतरी अडकतंय. मग गाडी वीतभर उंचीवरून टेबलावर सोडा आणि दोन्ही बाजूंची राइड हाइट (चेसीची टेबलापासूनची उंची) मापा. माझी आधी डावीकडे २३ मिलिमीटर आणि उजवीकडे २१ येत होती आणि मी उजवा कॉलर फिरवून ती २३ करायचो, म्हणजे अडकलेल्या आर्मवर स्प्रिंगचा जास्त दाब टाकून दोष झाकत होतो. आता दोन्हीकडे कॉलर सारखे आणि उंची २३.

आर्म दोन्हीकडे टपकन पडत असतील आणि तरी एकाच बाजूला गिरकी येत असेल तर बाकीचे संशयित मी पटकन सांगतो.

टायरचा गोंद बघा, टायर रिमपासून बोटाने ओढून पूर्ण फिरवा, आतल्या बाजूला दोन इंच सुटलेला असतो आणि बाहेरून दिसत नाही, वेग वाढला की तेवढाच भाग फुगतो. चाकामागच्या षटकोनाची आडवी पिन जागेवर आहे का बघा. मागचे बेअरिंग, बऱ्याच बगींत ५ गुणिले १० गुणिले ४ चे असतात, चाक फिरवून कान लावा, खरखर आली तर बदला, आपल्याकडे गाडी धुऊन तशीच ठेवली तर खारट दमट हवेने आठवड्यात गंज धरतो. डिफमुळे साधारण एका बाजूची तक्रार येत नाही, पण बॉल डिफ असेल तर स्पर (मोटरने फिरणारा मोठा गिअर) आणि एक चाक घट्ट धरून दुसरं चाक फिरवून बघा, सहज फिरलं तर डिफ सटकतंय, आणि ते लगेच थांबवा कारण सटकणारं डिफ स्वतःचे बॉल आणि रिंग खाऊन टाकतं. स्लिपर (जास्त जोर आला की घसरणारा क्लच) नेहमी डिफच्या आधी सटकला पाहिजे, उलटं नाही.

शॉकवर जरा थांबतो, कारण चार-पाच मिनिटांनी बदलणारी दुसरी गोष्ट तीच. स्प्रिंग काढून दोन्ही शॉक दोन हातात घ्या, एकदम दाबा, एकदम सोडा. दोन्हीचा वेग सारखा पाहिजे आणि आतून चुळबुळ आवाज यायला नको. आवाज आला म्हणजे हवा गेली, आणि हवा गेली म्हणजे खालची ओ-रिंग धुरळ्याने घासून तेल गळतंय. दांडीवर तांबडी ओली रेघ दिसली तर नक्कीच. ओ-रिंग सिलिकॉनची असते, तिला गाडीचं साधं ग्रीस लावू नका, फुगते आणि दांडी घट्ट होते, म्हणजे परत तोच अडकायचा रोग दुसऱ्या ठिकाणी. तेल बदलताना बाटलीवरच्या डब्ल्यूटी नंबरावर न जाता सीएसटी (तेलाच्या घट्टपणाचं एकक) बघा, कारण एका कंपनीचं ३० आणि दुसऱ्याचं ३० एकच असेल असं नाही, टीम असोसिएटेडचं ३० म्हणजे ३५० सीएसटी. सिलिकॉन तेल गरमीत पातळ होतं, डिसेंबरच्या सकाळी मला मागे ३५० बरं पडतं आणि मे महिन्यात दुपारी तेच पाण्यासारखं वाटतं म्हणून ४२५ टाकतो. पण हा फरक दोन्ही बाजूंना सारखाच जाणवतो, सगळीकडे गाडी उड्या मारते. एकाच बाजूची गिरकी तेलाच्या नंबराने कधी सुटणार नाही.

टायरचं थोडक्यात. गुळगुळीत झालेल्या चिकणमातीवर बारीक काट्यांचे किंवा झिजलेले टायर, वर सैल तांबडी माती असेल तर उंच काट्यांचे. आमच्यासारखा अर्धा-अर्धा ट्रॅक असेल तर दुपारी चार वाजता आधी झाडू मारा, मग पाणी मारा, टायर बदलण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

एक सवय मात्र मी पूर्ण बदलली आणि ती सगळ्यांना सुचवीन. आता वहीत दोन वेगळी पानं आहेत, डाव्या पानावर सेटिंग काय बदललं आणि उजव्या पानावर काय साफ केलं, काय घट्ट केलं, काय बदललं. आणि एका दिवशी दोन्ही पानांवर लिहायचं नाही. साफसफाई केली तर सेटिंग तसंच ठेवून दोन पॅक चालवायचे, मगच डाव्या पानाला हात लावायचा. असं केलं असतं तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीच कळलं असतं.

जानेवारीत आर्म रीम करून, नवीन पिना कोरड्या टाकून, मी सगळं सेटिंग किटच्या पुस्तकाप्रमाणे परत केलं, टो ३, कॅम्बर उणे १, स्प्रिंग मूळच्या, बॅटरी मधे. त्याच संध्याकाळी सलग तीन पॅक, मधे फक्त मोटर थंड व्हायला थांबलो. तिसऱ्या पॅकच्या शेवटच्या मिनिटाला नारळाच्या झाडाजवळच्या त्या डाव्या वळणात पूर्ण थ्रॉटल दिला, मुद्दामच. मागची बाजू किंचित सरकली आणि गाडी सरळ निघून गेली. मे पर्यंत तशीच चालली. जूनमध्ये शेतात पाणी भरलं, गाडी सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात गेली, आणि जुलैच्या एका रविवारी डबा उघडून शॉक सोडून बघितले तर डावा आर्म थोडा अडकत होता, उजवा नाही. डाव्याला रीमरच्या चार फिरवण्या दिल्या.

तुमचं वळण उजवं असेल तर वर जिथे उजवा लिहिलंय तिथे डावा वाचा. आणि हे सगळं करूनही गेलं नाही तर आर्म ज्यात बसतो तो मागचा ब्लॉक काढून काचेवर ठेवून बघा, तो वाकलेला असेल तर नवी सरळ पिनसुद्धा तिरकी बसते आणि कितीही रीम केलं तरी आर्म अडकतच राहतो.